गप्पीला मत दे

९ जानेवारी

प्रिय गप्पी,

पत्र कसं लिहायचं ते शिकवताना बाई सांगायच्या, आधी नमस्कार, मग खुशाली, मग काम. मी कामापासून सुरुवात करते, कारण काम मॉनिटरचं आहे आणि तो रोज फोन करून विचारतो, "वहिनी, लिहिलं का?" हो, आता वहिनी म्हणतो. "ए गप्पी, तोंड बंद" म्हणून माझं नाव फळ्यावर लिहिणारा माणूस. त्याच्या मित्राशी माझं लग्न झालं त्या दिवशी मी वहिनी झाले. आता त्याच्या डोक्यावर एक केस उरलेला नाही, पण वहिनी म्हणणं त्याने सोडलेलं नाही.

तर काम असं. आपल्या वर्गाचं संमेलन भरणार आहे. एप्रिलचा पहिला रविवार, शाळेतच, आपल्याच खोलीत. मॉनिटरने सगळ्यांना फोनवर गोळा केलंय. तू तेवढी कुठे सापडत नव्हतीस. शेवटी उशीरच्या मेहुण्याने तुझा पत्ता काढला. उशीर आठवते ना, रोज हजेरी झाल्यावर दारात उभी राहायची ती. नर्स झाली. नुकतीच निवृत्त झाली, आणि म्हणते तेवढंच एक वेळेवर झालं. तर पत्ता मिळाला, फोन नंबर नाही. मॉनिटर म्हणाला, "तुम्ही दोघी एका बाकावर बसायचात. तुम्हीच लिहा."

संमेलनात काय करणार, तर परत मतदान. शेवटच्या वर्षी चित्रकलेच्या तासाला घेतलं होतं तसंच. तेच किताब. सगळ्यात उशिरा येणारी, सगळ्यात झोपाळू, सगळ्यात जास्त शिंका देणारा, आणि शेवटी सगळ्यांची लाडकी व्यक्ती. चिठ्ठ्या टाकायला खडूंचं खोकंच पाहिजे, असा त्याचा हट्ट आहे.

मी ही गोष्ट सुनेला सांगितली तर तिला पटेना. "दोघींनाही गप्पी कसं म्हणायचे, आई? घोटाळा नाही व्हायचा?" मी सांगितलं, एक गप्प बसायची म्हणून गप्पी, दुसरी गप्पा मारायची म्हणून गप्पी. कोणाला बोलवायचं असेल ते बोलवणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळायचं. कंटाळलेला असला तर मी. घोटाळा एकदाच झाला, तो त्या मतदानात. लाडक्या व्यक्तीच्या चिठ्ठ्या उघडल्या आणि निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर नुसतं 'गप्पी'. वर्ग दोन्ही बाजूंनी ओरडायला लागला, गप्पवाली, गप्पांवाली, आणि मॉनिटर ते पुठ्ठ्याचं पदक हातात धरून वेड्यासारखा उभा. तेव्हा तू उठलीस, त्याच्या हातातून पदक घेतलंस, माझ्या गळ्यात घातलंस आणि जाऊन बसलीस. बुटाच्या नाडीत ओवलेलं होतं ते. मला वाटलं, काय मोठं मन आहे हिचं.

मग तू माझ्याशी बोलणं बंद केलंस. ते कळायला मला महिना लागला, कारण तू आधी तरी कुठे बोलत होतीस. तू फळा दिसत नाही म्हणून पुढच्या बाकावर गेलीस तेव्हा मला समजलं. फळा तुला चांगला दिसत होता. आता तर ऐकते, सगळी नोकरी तू चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात केलीस.

ते जाऊ दे. एवढ्या वर्षांनी पुठ्ठ्यावरून भांडायचं नाही. तू ये. आम्ही बरे आहोत. दुकान चालू आहे.

तुझी,
गप्पांवाली


२८ जानेवारी

प्रिय गप्पी,

कार्ड मिळालं. "पत्र मिळालं. येणार नाही. कुलूप कसा आहे?" तुझ्या मानाने हे भाषणच झालं.

आता मला उत्तर लिहायला हवं. मागच्या पत्रात मी 'आम्ही बरे आहोत' लिहिलं होतं. ते सवयीने लिहिलं. टपालाच्या पेटीत टाकताना आठवलं होतं, पण पाकीट चिकटवून झालं होतं, आणि खरं सांगायचं तर खोडावंसं वाटलं नाही. कुलूप गेला. गेल्या नव्हे, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. मी एकटी आहे.

वर्गात त्याला कुलूप नाव पडलं ते वडिलांचं किल्ल्यांचं दुकान होतं म्हणून, आणि तोंड उघडायचा नाही म्हणूनही. तो शेवटपर्यंत त्याच दुकानात बसला. तू शाळेतून येता-जाता बघितलंयस तेच दुकान, बाजूला केस कापण्याचं दुकान, समोर शिवणयंत्रं दुरुस्त करणारा. भिंतभर कोऱ्या किल्ल्या. मी काउंटरवर, तो मशीनवर. गिऱ्हाईक आलं की बोलायचं काम माझं. तो किल्ली हातात घ्यायचा, उजेडात धरायचा आणि कापायला लागायचा. लोकांना वाटायचं चिडलाय. मी सांगायचे, नाही हो, हा त्याचा आनंदी चेहरा आहे.

दुपारची वेळ होती. एक बाई किल्लीची जोडी करून घ्यायला आल्या होत्या. मशीन चालू होतं. मी पाठमोरी होऊन खिळ्यांवर किल्ल्या लावत होते आणि त्याला सांगत होते, आदल्या दिवशी वाचलेल्या पुस्तकात कोणी कोणाला फसवलं ते. मशीनचा आवाज तसाच येत होता. तो काही बोलला नाही, तर तो कधीच बोलत नसे. मी सांगत राहिले. त्या बाई म्हणाल्या, "अहो, जरा तिकडे बघा."

डॉक्टर म्हणाले, तुम्ही बघितलं असतं तरी काही करता आलं नसतं. डॉक्टर चांगला माणूस आहे, त्याला खोटं बोलायचं कारण नाही. पण त्याच्या गप्प बसण्यात काही फरक पडलाय हे त्या अनोळखी बाईंना कळलं आणि मला कळलं नाही, हे जात नाही मनातून.

तेव्हापासून माझं बोलणं कमी झालंय. ठरवून नाही. शेजारचा न्हावी माझ्या मुलाच्या वयाचा आहे, मला मावशी म्हणतो. पूर्वी म्हणायचा, "मावशी, तुमचा रेडिओ चालू असला की माझं गिऱ्हाईक खुर्चीत झोपत नाही." परवा भिंतीवर टकटक करून विचारलं, "मावशी, आहात ना?" मी आहे म्हटलं. तेवढंच बोलले दिवसभरात.

म्हणजे आता मी तुझ्यासारखी गप्पी झाले आहे. पत्रात मात्र सुटते, त्याला तू जबाबदार.

तुझी,
गप्पी, कोणती ते तूच ठरव


१९ फेब्रुवारी

प्रिय गप्पी,

"वाचलं. वाईट झालं. लिहीत जा." हे कार्ड मी दुकानात मशीनच्या वर लावलंय. मला लिहीत जा असं कोणी म्हणालेलं नाही आजपर्यंत. पुरे कर असंच म्हणायचे.

सध्या साध्या किल्ल्या मी स्वतः कापते. कोरी किल्ली एका बाजूला लावायची, जुनी दुसऱ्या बाजूला, दोन्ही सारख्या सरळ बसल्या पाहिजेत. माझ्या थोड्या तिरक्या बसतात. लोक परत येतात, "काकू, ही अडकते." मी घासून देते. त्याची कधी परत आली नव्हती. त्या दिवशीची अर्धी कापलेली किल्ली मशीनमध्ये तशीच होती, मला बरेच दिवस स्क्रू सैल करवेना. आता खिळ्यावर टांगली आहे. त्या बाई न्यायला आल्या नाहीत. कशा येतील.

गिऱ्हाईक नसलं की वाचते. वाचायची सवय मला लग्नानंतर लागली, हे तुला माहीत नसणार. शाळेत मला धडा वाचायला सांगितला की मी मधलंच काहीतरी बोलायला लागायचे. पुढे शिकले नाही, म्हणून असेल, हाताला येईल ते वाचलं. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या होत्या, आमच्याकडे आता तुम्ही न वाचलेलं म्हणजे नियमावली उरली आहे. मी तीही नेली. काल शब्दकोश उघडून 'गप्पी' शोधला. नाही सापडला. गप्प आहे आणि गप्पा आहेत. दोन्ही एकमेकींना चिकटून, एका बाकावर बसल्यासारख्या.

तो शब्द का शोधला ते सांगते. त्यासाठीच आज लिहायला बसले.

मॉनिटर फोनवर होता. संमेलनाचं बोलून झालं आणि मग हसत म्हणाला, "वहिनी, एक गंमत सांगू का? तेव्हा चिठ्ठ्या मी उघडल्या होत्या. कुलूपाचं अक्षर मी झोपेतही ओळखेन. त्यानेही गप्पीलाच मत दिलं होतं."

मी म्हटलं, "कोणत्या?"

तो म्हणाला, "म्हणजे काय, तुम्हाला. नाहीतर काय." पण त्याआधी जरा थांबला. मॉनिटर थांबणारा माणूस नाही.

त्या दिवसापासून माझं लक्ष कुठे लागत नाही. तू म्हणशील, त्याने लग्न तुझ्याशी केलं, आता आणखी काय पाहिजे. लग्नाचं तुला माहीत आहे का? तू गावातून गेली होतीस. माझे वडील आणि त्याचे वडील यांनी ठरवलं, आम्हाला विचारलं, त्याने मान हलवली. मी त्या मान हलवण्यावर संसार केला. चांगला झाला. तो मला कधी लागेल असं बोलला नाही, हे मी शपथेवर सांगेन, पण तो तसं काहीच बोलला नाही. मी बोलायला लागले की मशीन सुरू करायचा. मी आवाज चढवायचे. त्याने मला एकदाही गप्पी म्हणून हाक मारली नाही. आणि वर्षा-दोन वर्षांनी, काही नाही काही नाही आणि मध्येच विचारायचा, "तुझ्या बाकावरची ती, कुठे असते?" मी म्हणायचे, मला काय माहीत, माझ्याशी बोलत नाही ती. मग तो गप्प.

गप्प माणसाला गप्प बाई आवडणार, यात न समजण्यासारखं काय आहे. एवढी वर्षं मला हे सुचलं नाही, कारण मी बोलण्यात होते. आता शांत बसले तर सुचलं.

तुला विचारते, कारण दुसऱ्या कोणाला विचारणार. त्याने मत कोणाला दिलं होतं? तुला काही म्हणाला होता का कधी? खरं सांग. माझा माणूस गेलेला आहे, आता माझं आणखी काय जायचं आहे, असं लिहिणार होते. पण जाईल. मला दिवसभर पुरतं ते एवढंच आहे माझ्याजवळ, तो माझा होता हे. ते जाईल.

तरी सांग.

तुझी,
गप्पांवाली


२२ मार्च

प्रिय गप्पी,

कार्ड आलं नाही. टपालवाल्याला विचारलं तर म्हणाला, "आजी, नसलं तर मी कुठून आणू?" मला आजी म्हणाला. त्याला नातवंडं असतील एवढा तो आहे.

तुला राग आला असेल. किंवा लिहिण्यासारखं काही नसेल. किंवा असेल. मी तिन्ही बाजूंनी विचार करून बघते, दुकानात दुसरं काम नसतं.

मुलाचा फोन आला होता. म्हणतो, "आई, दुकान देऊन टाक आणि आमच्याकडे ये. तिथे एकटी काय करतेस?" न्हाव्याला जागा हवी आहे, त्याला मधली भिंत काढायची आहे. मी म्हटलं, "आम्ही विचार करून सांगतो." मुलगा म्हणाला, "बरं, तुम्ही विचार करा." तोही त्याच्या बापावर गेलाय, पण कधीकधी बरोबर बोलतो.

संमेलनाला जाणार नव्हते. मॉनिटर दुकानात येऊन बसला आणि हो म्हणेपर्यंत उठला नाही. गिऱ्हाइकाला त्याने चुकीची किल्ली दिली, ती निस्तरण्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. लिहीत जा म्हणाली होतीस, म्हणून लिहिलं.

गप्पी


८ एप्रिल

प्रिय गप्पी,

संमेलन झालं. तुला सगळं सांगते, कारण त्यात तूही होतीस, आणि कशी होतीस ते ऐक.

आपली खोली तशीच आहे. खिडकीच्या गजावरचा रंग बदललाय. बाक नवे आहेत, आपल्यापैकी कोणी त्यात धड मावत नव्हतं. झोपाळू अडकला, त्याला दोघांनी ओढून काढला. झोपाळू काय करतो माहीत आहे का? बस चालवतो. ते ऐकून सगळा वर्ग एकदम शांत झाला. म्हणाला, "हसा. एवढ्या वर्षांत एक अपघात नाही. झोप मी शाळेतच पुरी करून घेतली होती."

मॉनिटरने सगळ्यांच्या छातीवर कागद लावले होते, टोपणनावं लिहून. माझ्या कागदावर गप्पी. मी आपल्या जागेवर जाऊन बसले, खिडकीपासून दुसऱ्या बाकावर, आणि तुझी जागा रिकामी ठेवली. काही बोलावंसं वाटत नव्हतं. लोक येत होते, कागद वाचत होते, माझ्याकडे बघत होते.

आणि त्यांनी मला तू समजायला सुरुवात केली.

झोपाळू शेजारी येऊन म्हणाला, "तू अजून तशीच आहेस गं. चेहऱ्यावरून ओळखलं नसतं, पण बसण्यावरून ओळखलं. तुझी ती दुसरी कुठे आहे? कुलूपाची बायको?"

मी म्हटलं, "नाही आली." मला ते खोटं वाटलं नाही.

"अरेरे," तो म्हणाला. "ती पाहिजे होती. केवढी बोलायची. तिच्यामुळे मी जागा राहायचो, अर्धा तास तरी." मग शिंका देणारा आला, तोही तेच म्हणाला, की ती बडबडी असती तर रंगत आली असती. मी तिथे बसून ऐकत होते. आपल्या माघारी लोक आपल्याबद्दल काय बोलतात ते समोर बसून ऐकायचं म्हणजे चमत्कारिक वाटतं. चांगलंच बोलत होते. मलाही वाटायला लागलं, ती यायला हवी होती.

उशीर सगळ्यांच्या शेवटी आली आणि दारातूनच म्हणाली, "अगं बाई, ही गप्पांवाली ना? हिला काय झालं?" तेव्हा सगळ्यांना समजलं. झोपाळू बिचारा लाल झाला. मी म्हटलं, "असू दे, एवढी वर्षं तिची जागा मी खाल्ली, आज तिने माझी खाल्ली." मग हसले सगळे.

मतदान झालं. सगळ्यात उशिरा येणारी कोण ते चिठ्ठ्या न उघडताच ठरलं. झोपाळूने या वेळी किताब घ्यायला नकार दिला, नोकरी जाईल म्हणाला. शेवटी लाडकी व्यक्ती. मॉनिटर चिठ्ठ्या उघडत गेला आणि पुन्हा तेच. गप्पी, गप्पी, गप्पी. थट्टाच होती ती, थोडी माया असेल, थोडी माझी कीव असेल. मॉनिटर म्हणाला, "आता या वेळी तरी सांगा, कोणती?"

झोपाळू म्हणाला, "आम्हाला तेव्हाही कुठे माहीत होतं? आम्ही कुलूपाने सांगितलं म्हणून दिलं."

"काय सांगितलं?" मी विचारलं.

"गप्पीला मत दे. मी नळावर पाणी पीत होतो. हा आला, उभा राहिला, म्हणाला, गप्पीला मत दे. दोन वर्षांत त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला मी. दचकून कबूल झालो."

"मला पण," शिंका देणारा म्हणाला. "सायकल लावत होतो तिथे."

"मला तर फाटकातच गाठलं," उशीर म्हणाली. "आधीच उशीर झालेला, त्यात हा आडवा. गप्पीला मत दे. मला वाटलं प्रकृती बरी नाही याची."

म्हणजे हे असं झालं होतं, गप्पी. हा माणूस एकेकाला गाठून सगळ्या वर्गाला सांगत फिरला होता. मतदान हा खेळ होता, बाकीचे चिठ्ठीवर कोणाचंही नाव लिहून मोकळे झाले. त्याने ते मनावर घेतलं आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रचार केला, तीन शब्दांचा. आणि कोणती गप्पी, ते सांगायचं राहिलं. आपल्याला माहीत आहे म्हणजे जगाला माहीत आहे, असं वाटणारा माणूस होता तो. दुकानाच्या पाटीवरही त्याने नुसतं 'करून मिळेल' लिहून घेतलं होतं.

मी म्हटलं, "कोणी विचारलं नाही त्याला, कोणती म्हणून?"

"विचारेपर्यंत तो गेला होता पुढे," झोपाळू म्हणाला. झोपाळूने तुला मत दिलं, तू त्याला गणितं दाखवायचीस म्हणून. उशीरने मला दिलं. शिंका देणाऱ्याला आठवत नाही. ज्याने त्याने आपापली गप्पी निवडली.

घरी येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. तो मला सांगायला आला नव्हता. मला नळावर गाठलं नाही, फाटकात अडवलं नाही. जिच्यासाठी मत मागायचं तिच्याकडेच कोणी मत मागत नाही, म्हणून आला नसेल का? असं मनात आलं आणि बसच्या खांबाला धरून उभी राहिले. मग वाटलं, कशावरून? मी तेव्हा अखंड बोलत होते. त्याला मध्ये तीन शब्द घालायला जागा मिळाली नसेल.

म्हणून आता मोठे प्रश्न विचारत नाही. मागे विचारलं ते विसर. एवढंच सांग. तो तुझ्याकडे आला होता का?

आला नसेल तर तसं लिही. मग ते असं अर्धंच राहील, आणि ते मी चालवून घेईन.

गप्पांवाली


२७ एप्रिल

प्रिय गप्पी,

कार्ड आलं.

"आला होता. सगळ्यांच्या आधी माझ्याकडे. मी दिलं."

दुकानात उभ्याने वाचलं आणि मग स्टुलावर बसून वाचलं. एक माणूस दोन किल्ल्या करायला आला होता, त्याला म्हटलं उद्या या. मग मशीनकडे तोंड करून मी बोलायला लागले. काय बोलले ते आठवत नाही, बराच वेळ बोलत होते. त्याला म्हटलं असेल, की मेल्या, नुसतं गप्पी म्हणतात का. एवढं मात्र आठवतं, की भिंतीपलीकडून न्हावी म्हणाला, "मावशी, लागला का रेडिओ?"

हे झाल्यावर मी परत कार्ड हातात घेतलं, तेव्हा मला शेवटचे दोन शब्द दिसले. पहिल्यांदा वाचताना मी माझ्यापुरतंच वाचलं होतं.

तू दिलंस.

तो तुझ्यापुढे येऊन उभा राहिला. कोणाशी न बोलणारा मुलगा, सगळ्यांच्या आधी तुझ्यापुढे. तुला काय वाटलं असेल तो यायला लागला तेव्हा. आणि मग तो म्हणाला, गप्पीला मत दे. बाकी सगळ्यांना ते दोन्ही बाजूंनी ऐकू आलं. तुला एकटीला एकाच बाजूने ऐकू आलं, कारण तो ते तुला सांगत होता. तुला तो आवडायचा. हे मी प्रश्न म्हणून लिहीत नाही.

पदक तू माझ्या गळ्यात घातलंस, कारण ते कोणाचं आहे हे त्या वर्गात तुलाच माहीत होतं. मग तू पुढच्या बाकावर गेलीस, मग दुसऱ्या गावाला. आणि मी म्हणत राहिले की पुठ्ठ्यावरून रुसली. त्याने मला मध्येच तुझ्याबद्दल विचारायचं कारणही आता कळतं. आपल्या बाजूचं मत कोणाला आठवणार नाही? तू त्याला काय दिलं होतंस ते त्याला माहीत होतं की नाही, देव जाणे. मला वाटतं, थोडं माहीत असावं.

फेब्रुवारीत विचारलेल्या प्रश्नाला तू उत्तर दिलं नाहीस. बरोबर होतं. तुला 'आला नव्हता' असंही लिहिता आलं असतं. मी विश्वास ठेवला असता आणि तो निम्मा तुझा राहिला असता. तेवढं तरी तू ठेवून घ्यायचं होतंस. पण तू परत एकदा मत दिलंस.

मी आभार मानणार नाही. आभार मानले तर ते हिशोब मिटवल्यासारखं होईल.

दुकान देत नाही. न्हाव्याला सांगितलं, मुलाला सांगितलं. मुलाने विचारलं, "तुम्ही ठरवलंत का?" मी म्हटलं, मी ठरवलं. त्याचा चेहरा फोनवर दिसत नाही, पण मला वाटतं त्याला जरा लागलं. मलाही लागलं. 'मी' म्हणायची सवय अजून व्हायची आहे.

सोबत पुठ्ठ्याला चिकटवून एक किल्ली पाठवते आहे. माझ्या घराची आहे. मीच कापली. दुकानावरून तीन घरं पुढे, निळं दार. तुझ्या खुर्चीवर पुस्तकं ठेवलेली आहेत ती उचलून खाली ठेव. मी बोलत बसणार नाही, आणि बोलले तर तू मशीन सुरू करत जा, मला ते चालतं. तो कसा होता हे मी तुला सांगेन, आणि शाळेत त्याचा आवाज कसा होता ते तू मला सांग. तो आवाज मी तेव्हा ऐकलेलाच नाही. दोघींकडे मिळून तो पुरा होईल असं वाटतं.

किल्ली थोडी अडकते. पूर्ण आत घाल, किंचित वर उचल आणि मग फिरव. मी दुपारी मागच्या खोलीत असते, दार उघडल्याचं मला तिथे ऐकू येत नाही. आत आलीस की हाक मार. तेवढं तरी बोलावं लागेल.

तुझी,
गप्पी